कासवीची दृष्टी, पारव्याचे दूध

आमच्या वर्गात दरवर्षी एक दिवस असा येतो, की त्या दिवशी प्राण्यांची गर्दी होते. तृतीय वर्ष कला शाखेला मध्ययुगीन मराठी वाङ्मय शिकवताना संतांच्या अभंगांतील प्रतिमासृष्टीचा तास आला, की मी फळ्यावर एक यादी लिहिते : गाय आणि वासरू, हरिणी आणि पाडस, पक्षीण आणि पिलू, कासवी आणि तिचे बाळ. चोवीस वर्षे ही यादी मी जवळजवळ याच क्रमाने लिहीत आले आहे. मग वात्सल्याविषयी बोलते. ‘वात्सल्य’ हा शब्द ‘वत्स’पासून, म्हणजे वासरापासून आला, ‘पान्हा’ हा संस्कृत ‘प्रस्नव’पासून, म्हणजे पाझरण्यापासून आला, आईच्या मायेसाठी आपल्या भाषेने जे शब्द योजले ते असे गोठ्यातून उचलले आहेत, असे सांगते. मुले लिहून घेतात. घंटा होते.

२०२५च्या फेब्रुवारीत हा तास चालू असताना मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हात वर केला. तुकोबांच्या अभंगातील कासवी मी नुकतीच समजावून दिली होती. कासवीच्या बाळाला आईचे दूध मिळत नाही, तिचा स्पर्शही लाभत नाही. तरी ते वाढते, कारण आईची कृपादृष्टी त्याच्यावर असते. ज्याने त्याची सोय केली तो तुमचीही करील, असा त्या अभंगाचा आश्वासक युक्तिवाद आहे.

“मॅडम, कासवीण खरंच नजरेनं पोसते का?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तयार होते. चकोर चांदणे पितो, चातक पावसाच्याच थेंबावर जगतो, हंस पाण्यातून दूध वेगळे करतो, तसाच हा कविसंकेत आहे. त्याची सत्यता प्राणिशास्त्रात शोधायची नसते. मी हे सगळे नेहमीच्या सफाईने सांगितले. मुलगी खाली बसली नाही. तिचे आजोळ मंडणगड तालुक्यात आहे आणि वेळासच्या किनाऱ्यावर तिने कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहिली आहेत.

“पण मॅडम, आई येतच नाही. एकदा अंडी घालून गेली की ती परत बघायलासुद्धा येत नाही.”

वर्ग हसला. मीही हसले. पण स्टाफरूममध्ये येऊन चहाचा कप हातात घेतला तेव्हा ते वाक्य मनातून जाईना. त्याचे कारण कासवात नव्हते हे मला लगेच कळले होते. फक्त ते कबूल करायला काही दिवस गेले.

*

आधी कासवाविषयी. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालायला येतात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२पासून तेथे गावकऱ्यांच्या मदतीने संरक्षणाचे काम उभे केले आणि पुढे त्यातून कासव महोत्सव सुरू झाला. मादी रात्री वाळूवर येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. संरक्षणाचे काम करणारी माणसे ती अंडी कुंपण घातलेल्या सुरक्षित जागी हलवतात. साधारण पन्नासेक दिवसांनी वाळूखाली हालचाल सुरू होते. घरट्यावर झाकलेली टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात आणि वर आलेली पिल्ले समुद्राकडे सोडतात. त्या वेळी काठावर असतात ते पर्यटक, शाळेच्या सहलीतील मुले आणि कॅमेरे. आई नसते.

मग पिल्लू काय खाते? अंड्यातील बलकाचा उरलेला भाग ते बाहेर पडण्यापूर्वी आपल्या पोटात ओढून घेते आणि पोहण्याच्या पहिल्या काही दिवसांत त्याच शिदोरीवर तगते. मादीने जे काही द्यायचे ते आधीच बांधून दिलेले असते. पुढची भेट ठरलेली नाही, म्हणून शिदोरी अगोदर, असा हा व्यवहार आहे.

हे वाचल्यावर मला आपल्या कविसंकेताचा थोडा अधिक आदर वाटू लागला. आपण समजतो की जुन्या लोकांनी काहीही कल्पना केली. तसे दिसत नाही. त्यांनी दोन गोष्टी अचूक पाहिल्या होत्या : कासवाच्या पिल्लाला दूध नाही, आणि आईचा सहवास नाही. तरी ते जगते. हे जे मधले रिकामे स्थान उरले, ते त्यांनी दृष्टीने भरले. कुलार्णवतंत्रात गुरूच्या दीक्षेचे प्रकार सांगताना तीन माता येतात : पक्षीण पिलांना पंखांच्या स्पर्शाने वाढवते, मासोळी नजरेने आणि कासवी केवळ ध्यानाने. मराठी संतांकडे कासवीला नजर मिळाली. दूर गेलेली, न दिसणारी आई आपल्याला विसरलेली नाही, या खात्रीला त्यांनी दिलेले ते नाव आहे.

रिकामे स्थान दिसले की माणूस ते कशाने तरी भरतो. संतांनी ते कृपेने भरले. आमच्या घरी एकदा ते वेगळ्याच गोष्टीने भरले गेले होते.

*

माझी मुलगी २००३च्या डिसेंबरात जन्मली. सिझेरियन झाले होते. पहिले दोन दिवस बाळ माझ्याजवळ नव्हते आणि मी तिला पहिल्यांदा अंगाशी घेतले तेव्हा वरच्या दुधाची सवय तिला लागून चुकली होती. ती रडायची, मीही रडायची. घरी आल्यावर शतावरी कल्प झाला, अळिवाची खीर झाली, डिंकाचे आणि मेथीचे लाडू झाले, लसूण घातलेली बाजरीची भाकरी झाली. शेजारच्या बायका येऊन आपापला उपाय सांगून गेल्या. दूध येत होते, पण पुरत नव्हते. रजा संपली आणि मी सकाळी बसने मानखुर्दला येऊन, हार्बरची गाडी पकडून, कुर्ल्याला गाडी बदलून कॉलेजात जाऊ लागले. तेव्हा जे काही येत होते तेही हळूहळू आटले.

आता मला त्याचे शास्त्र ठाऊक आहे. बाळ जितके ओढते तितके आईच्या शरीराला कळते की अजून हवे आहे. ते ओढणे लांबले किंवा कमी झाले की शरीर पुरवठाही आवरते. त्यात पातिव्रत्याचा, मायेचा किंवा पुण्याईचा भाग नाही. पण त्या वेळी हे कोणी सांगितले नाही. सासूबाई एकदा ओट्याशी उभ्या राहून, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “मन पुस्तकात असलं की पान्हा कसा फुटेल?” वाक्य एवढेच. आवाजही चढलेला नव्हता. त्यानंतर त्यांनी ते कधी उच्चारले नाही आणि मी कधी विसरले नाही.

दुसरे वाक्य डब्यावरचे होते. अर्भकांच्या दुधाच्या पावडरीसाठी आपल्याकडे १९९२चा कायदा आहे. त्यानुसार अशा पावडरीची जाहिरात करता येत नाही आणि आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम, असा मजकूर प्रत्येक डब्यावर ठळक अक्षरांत छापावाच लागतो. कायदा योग्य आहे. ज्या देशात घाणेरड्या पाण्यात कालवलेल्या पावडरीने कित्येक बाळे दगावली, तेथे तो हवाच. पण रात्री दोन वाजता, उकळून कोमट केलेल्या पाण्याची वाटी शेजारी ठेवून, डोळ्यांवरची झोप आवरत मी तो डबा उघडत असे, तेव्हा ते वाक्य मलाच उद्देशून छापले आहे असे वाटे. साहित्याच्या माणसाची ही खोड असते. छापलेले सगळे आपल्यालाच उद्देशून आहे असे त्याला वाटते.

माझे यजमान त्या वेळी कारखान्यात शिफ्टमध्ये काम करत. दुसरी पाळी असली की सकाळ त्यांची, पहिली पाळी असली की दुपारनंतरचा वेळ त्यांचा. मुलीला वाटी-चमच्याने दूध पाजण्याचे काम माझ्यापेक्षा त्यांनीच अधिक केले. त्यांना ते जमत असे. मांडी हलवत नसत, घाई करत नसत, बाळाने तोंड मिटले की थांबत. शेजारणी त्यांचे कौतुक करत आणि त्याच दमात माझ्याकडे पाहत. त्यांच्या कौतुकाचे बिल माझ्या नावावर फाटत असे.

आणि त्याच वर्षी, सकाळच्या तासाला, मी फळ्यावर लिहीत होते : गाय आणि वासरू, हरिणी आणि पाडस.

*

तो प्रश्न वर्गात विचारला गेला त्याच आठवड्यात आमच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या जुन्या टबामागे, पारव्यांनी चार काड्या टाकून घरटे केले. त्याला घरटे म्हणणे हा औदार्याचा भाग आहे. दोन अंडी पडली. यजमानांचे म्हणणे, काढून टाकू आणि जाळी बसवू. विष्ठेने फुप्फुसाचे विकार होतात. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि मुंबईभर कबुतरांवरून वाद पेटला, तो याच कारणाने. पण अंडी पडली होती. पिल्ले उडून जाईपर्यंत थांबू, मग जाळी, असा तह झाला. तोंडाला रुमाल बांधून मी रोज पाहू लागले.

नर आणि मादी मला ओळखता येईनात. पण पाळी ओळखता येऊ लागली. सकाळी दहाच्या सुमारास एक पारवा येई, दुसरा उठे. मग हा बसे तो दुपार कलेपर्यंत. संध्याकाळी पहिला परत येई आणि रात्रभर बसे. पुस्तकात पाहिले तेव्हा कळले की दिवसा बसणारा तो नर आणि संध्याकाळपासून सकाळपर्यंत बसते ती मादी. शिफ्ट बदलताना दोघे क्षणभर समोरासमोर उभे राहत. आमच्याही घरात किल्ल्या अशाच दारात एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलेल्या आहेत.

अठराएक दिवसांनी पिल्ले बाहेर आली. पिवळट केसांची, डोळे मिटलेली, अत्यंत कुरूप. कावळा-चिमणीसारखा चोचीत किडा धरून आणण्याचा प्रकार येथे दिसेना. पिल्लू आपली चोच मोठ्याच्या तोंडात घालायचे आणि मोठ्याच्या मानेला कळ आल्यासारखे झटके येत. हेच ते पारव्याचे दूध.

कबूतर-पारव्याच्या गळ्याशी अन्न साठवण्याची पिशवी असते. अंडी फुटण्याच्या एक-दोन दिवस आधी तिचे आतले अस्तर जाड होते आणि त्याच्या पेशी स्निग्धांशाने भरून गळू लागतात. दह्याच्या विरजलेल्या कणांसारखा तो पदार्थ पिल्लाला मिळतो. त्यात प्रथिने आणि चरबी भरपूर. आपल्या दुधातील साखर मात्र नसते. पहिले काही दिवस पिल्लू केवळ यावर जगते आणि दोन-तीन दिवसांत वजनाने दुप्पट होते. पुढे त्यात भिजलेले दाणे मिसळू लागतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे दूध नरालाही येते. मादीइतकेच येते.

याहून चकित करणारी गोष्ट शब्दाची आहे. स्त्रीच्या शरीरात दूध उत्पन्न करणाऱ्या संप्रेरकाला ‘प्रोलॅक्टिन’ म्हणतात. १९३०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी यांनी ते वेगळे केले आणि त्याला हे नाव दिले, ते कबुतरांवरील प्रयोगांतून. ते संप्रेरक टोचले की कबुतराच्या गळ्यातील पिशवी जाड होते, हीच त्याच्या अस्तित्वाची परीक्षा होती. म्हणजे आईच्या पान्ह्यामागे जे रसायन आहे त्याचे बारसे पारव्याच्या गळ्यात झाले, आणि त्या बारशाला बापही दूधवाला होता.

हे वाचत मी गॅलरीच्या दारात बराच वेळ उभी राहिले. आत यजमान पेपर वाचत होते. त्यांना हाक मारून सांगावेसे वाटले, पण सांगितले नाही. वीस वर्षांपूर्वीच्या शेजारणी आता कुठे कुठे विखुरल्या होत्या. सांगायचे होते ते त्यांना.

*

एकदा असे पाहू लागले की आपल्या परिसरातच किती दाखले निघतात. आम्ही ट्रॉम्बेची माणसे. एका बाजूला अणुशक्तिनगर, दुसऱ्या बाजूला चीता कॅम्पची दाट वस्ती, आणि खाली कोळीवाडा व खाडी. कोळीवाड्यातील जी मावशी आम्हांला मासळी देते, तिच्या पाटीत एकदा शिंगाळा होता. मी सहज विषय काढला. ती म्हणाली, “ह्याचा नर लई भोळा, बाय. अंडी तोंडात घेऊन फिरतो. पोरं मोठी होईपर्यंत उपाशी.”

ते तंतोतंत खरे आहे. शिंगाळ्याच्या कुळातील समुद्री माशांत मादीने घातलेली टपोरी अंडी नर तोंडात घेतो. ती फुटेपर्यंत, आणि नंतरही पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत, तो काही आठवडे त्यांना तोंडात वागवतो. तोंड असे भरलेले असताना खाणार काय? आपली चरबी जाळत तो राहतो. कुलार्णवतंत्रातील मासोळी पिलांना नजरेने पोसते. आमच्या खाडीतील हा मासा पोसतो ते स्वतः न खाऊन. दक्षिण ध्रुवावरील सम्राट पेंग्विनचा नर तर दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशीपोटी अंडे पायांवर घेऊन उभा असतो. आणि मादी समुद्रावरून यायच्या आत पिल्लू बाहेर आले, तर आपल्या अन्ननलिकेतून पाझरणारा दुधासारखा पदार्थ त्याला भरवतो. हार्बर मार्गावरील मेगाब्लॉकच्या रविवारी मला त्या पेंग्विनची आठवण होते.

खाडीच्या बाजूला ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो आणि हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत त्यावर गुलाबी रेघ दिसते. ते रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो किंवा अग्निपंख. २०१५मध्ये ठाणे खाडीचा भाग त्यांच्यासाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पण त्यांचे घरटे येथे कोणी पाहिलेले नाही. येथे ते फक्त स्वतःचे पोट भरायला येतात. त्यांच्या विणीच्या जागा कच्छच्या रणात आहेत. चिखलाच्या बुटक्या ढिगावर एकच अंडे, आणि पिल्लू निघाल्यावर नर-मादी दोघांच्याही गळ्यातून दूध. हे दूध लाल असते. खाडीतील सूक्ष्म शेवाळांतून जो रंग या पक्ष्यांच्या पिसांत उतरतो, तोच दुधातही उतरतो. भरवण्याच्या काळात आईबाप फिके पडत जातात. पिल्लू मात्र करडेच असते. त्याला गुलाबी व्हायला पुढे दोन-तीन वर्षे लागतात.

येथे काठावर उभे राहिले की थव्यात काही करडी पोरे दिसतात. त्यांना पाहून मला आता वाटते, यांच्यासाठी कोणीतरी दोघे फिके पडून आले आहेत. २०२४च्या २० मे रोजी रात्री घाटकोपरवर उतरत्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि ३९ पक्षी मेले. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेल्या गुलाबी पिसांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. तेव्हा मला या दुधाविषयी काही ठाऊक नव्हते.

*

एवढे सगळे जमले तेव्हा माझ्या मनात एक मोह उत्पन्न झाला. हा सगळा पुरावा आपल्या बाजूचा आहे, असे मला वाटू लागले. पाहा, पारवा दूध देतो, शिंगाळा उपाशी राहतो, मग भरवणे ही एकट्या आईची परीक्षा कशी? निसर्ग माझ्या बाजूने साक्ष देत होता आणि मी मनातल्या मनात एका बंद पडलेल्या खटल्याचा निकाल फिरवून घेत होते.

पण मग गॅलरीतील दुसरे पिल्लू मेले. दोघांत ते एका दिवसाने धाकटे होते. मोठे पुढे सरसावायचे, चोच घालायचे. धाकटे मागे राहायचे. भरवणारा जे पुढे येईल त्याला भरवत होता. सहाव्या दिवशी धाकटे मान टाकून पडले. मोठ्या पारव्याने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो त्याच्या शेजारीच बसून राहिला. मीच ते कागदात उचलले.

गायबगळ्यांच्या घरट्यात तर मोठे पिल्लू धाकट्याला चोची मारून मारून संपवते, आणि आईबाप शेजारी उभे असूनही मध्ये पडत नाहीत. अभ्यासकांनी हे वारंवार नोंदले आहे. कोकिळेचे पिल्लू कावळ्याच्या घरात वाढते, हे तर आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. कावळीची माया तेथे फसवली जाते आणि तरी ती घास भरवतच राहते. दुसऱ्या टोकाला देवगांडूळ. जमिनीखाली राहणाऱ्या, गांडुळासारख्या दिसणाऱ्या या उभयचर प्राण्याच्या काही परदेशी जातींत पिल्ले आईच्या अंगावरची कातडी खरवडून खातात आणि तीच त्यांची वाढ. त्यांतील ब्राझीलमधील एका जातीची मादी पिल्लांना दुधासारखा स्निग्ध पदार्थही पाजते, असे २०२४मध्ये प्रसिद्ध झाले.

यातून कोणता धडा घ्यायचा? कासवीसारखे निघून जा, देवगांडुळासारखे स्वतःला खाऊ घाला, की बगळ्यासारखे पाहत उभे राहा? निसर्गात यांतले सगळेच आहे. तो ना सासूबाईंचा साक्षीदार होता, ना माझा. त्यांनी गाईकडे बोट दाखवले होते, मी पारव्याकडे दाखवत होते. दोघींनी आपल्याला हवा तो प्राणी निवडला होता. साहित्याच्या अध्यापकाला हे आधी कळायला हवे होते, कारण प्रतिमा ही निवडलेली असते, हेच तर आम्ही वर्षभर शिकवतो.

*

मग मी अभंगांकडे परत गेले. परीक्षेसाठी शिकवायचे म्हणून नव्हे; जरा निवांत, एका बैठकीत. आणि इतकी वर्षे डोळ्यांसमोर असलेली एक गोष्ट प्रथमच दिसली. या सगळ्या प्रतिमांत बोलतो कोण? नामदेवांच्या अभंगात चारा आणायला गेलेल्या पक्षिणीची वाट पाहणारे पिलू बोलते. वासरू बोलते, पाडस बोलते, कासवीचे बाळ बोलते. भरवणारी कधीही बोलत नाही. तिला काय पुरते, काय आटते, ती दमते का, हे त्या कवितेत नाही. कारण ती कविता भुकेल्याची आहे. आईने कसे असावे हे ती सांगत नाही. भूक लागली की कोणाकडे तोंड करावे, एवढेच ती सांगते. ही बाळाची वाणी होती आणि मी ती चोवीस वर्षे आईची आचारसंहिता म्हणून वाचत आले होते.

आणि ती वाणी ज्याच्याकडे तोंड करते, तो कोण? कटीवर हात ठेवून विटेवर उभा असलेला पुरुष. त्याला ‘माउली’ म्हणताना वारकऱ्याची जीभ अडखळत नाही. एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या ज्ञानदेवालाही माउलीच म्हणतात. आषाढीच्या वाटेवर तर ओळख नसलेला माणूस समोर आला तरी तो माउली. शेकडो वर्षे रोज वापरून गुळगुळीत झालेल्या या शब्दात आपल्या भाषेने एक गोष्ट कधीच ठरवून टाकली आहे : जो भरवतो, तो माउली. त्यासाठी मला पारव्याची साक्ष काढायची गरज नव्हती. शब्द माझ्याच विषयातला होता.

नामदेवांविषयीची आख्यायिका या उलट दिशेची आहे. बाल नामदेव नैवेद्य घेऊन देवळात जातो आणि देवाने खाल्ल्याशिवाय हलत नाही. येथे बाळच माउलीला भरवते. २०१९मध्ये सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा शेवटचे चार महिने त्यांना पेज आणि दूध वाटी-चमच्यानेच द्यावे लागे. सकाळी यजमान देत, संध्याकाळी मी. त्या तोंड मिटत, मी थांबे. त्या पुन्हा उघडत. त्यांनी ते जुने वाक्य कधी मागे घेतले नाही. मीही कधी तो विषय काढला नाही. चमचा ओठांना लावताना तो मनात येत नसे असेही नाही. पण घास जात होता.

*

पारव्याचे मोठे पिल्लू महिनाभराने उडून गेले. आम्ही गॅलरी फिनेलने धुऊन काढली आणि जाळी बसवली. त्याबद्दल मला अपराधी वाटले नाही. तह तसाच होता.

मेच्या सुट्टीत मुलगी घरी आली. ती एकवीस वर्षांची आहे आणि बाहेरगावी शिकते. स्वयंपाकघरात आवराआवर करताना तिने मांडणीच्या वरच्या फळीवरचा एक गंजका डबा खाली काढला. त्यात मी साबुदाणा ठेवते. त्यावरचा कागद केव्हाच उडाला आहे, कडेला थोडी अक्षरे उरली आहेत. हा भंगारात का देत नाहीस, असे तिने विचारले. मी सांगितले, हा तुझ्या दुधाचा डबा. मग बोलता बोलता बाकीचेही सांगितले : लाडू, ओट्याशी बोललेले वाक्य, रात्री दोनची वाटी. आजवर तिला हे कधी सांगितले नव्हते.

तिने ऐकून घेतले. डबा उलटसुलट करून पाहिला.

“मग? माझं पोट भरत होतं ना?”

“भरत होतं.”

“मग झालं तर,” असे म्हणून तिने साबुदाणा परत त्यात ओतला आणि झाकण दाबून बसवले. मला थोडे अधिक काही अपेक्षित होते, हे मान्य करते. पण विचार केला तेव्हा लक्षात आले की अभंगातले पिलूही याहून अधिक काही बोलत नाही.

जूनमध्ये नवे वर्ष सुरू झाले. ती प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली आहे. तिला सांगायचे राहिले ते पुढच्या वर्गाला सांगायचे, अशी आमच्या व्यवसायाची रीत. त्या तासाला मी यादी लिहिली, नेहमीच्याच क्रमाने. कासवीपाशी आले तेव्हा खडू खाली ठेवला आणि म्हणाले, ही आई परत येत नाही. आता तिच्या बाळाने हा अभंग का म्हटला असेल, ते पाहू.